वहीतल्या उभ्या रेघा

२६ एप्रिल २०२०. आखाजी, म्हणजे आमची खानदेशातली अक्षय्य तृतीया. लॉकडाऊन लागून महिना झाला होता. तापीच्या पुलापलीकडे, अमळनेर तालुक्यात, माझं माहेर. एरवी तासाभराची वाट, पण त्या वर्षी ती बंद होती. चोपडा तालुक्यातल्या सासरच्या अंगणात आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीवर खापर ठेवून मांडे करत होत्या आणि मी ओट्यावर रसासाठी आंबे पिळत बसले होते. अचानक मला खालून संडासची जोरात कळ आली.

ज्याच्या पोटाला बॅग नाही त्याला यात काहीच वेगळं वाटणार नाही. पण माझं मोठं आतडं दहा महिन्यांपूर्वी काढून टाकलं होतं. जे काही बाहेर पडायचं ते पोटाच्या उजव्या बाजूला लावलेल्या बॅगेत पडत होतं. खालच्या वाटेने मळ जायचं कारणच नव्हतं. हात धुवून तशीच धावले. थोडा चिकट, गुलाबीसर आव पडला आणि त्यात रक्ताचा एक धागा. संडासात उभी राहून मी भिंतीला टेकले. आतडं गेलं तरी आजार गेला नाही, एवढंच मनात आलं.

मागचं थोडक्यात सांगते. २०१४ मध्ये मला रक्ताचे जुलाब सुरू झाले. पहिलं दीड वर्ष मूळव्याध आणि आव समजून औषधं घेण्यात गेलं. मग कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव कळलं. यात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण येतात. मेसालामाइन, स्टिरॉइड, अझाथायोप्रिन अशी सगळी औषधं झाली. २०१९ च्या जूनमध्ये हिमोग्लोबिन सहावर आलं, तेव्हा मुंबईला नेलं आणि मोठं आतडं काढलं. डिसेंबरमध्ये दुसरं ऑपरेशन झालं. त्यात उरलेला गुदाशय काढून लहान आतड्याचा शेवटचा भाग इंग्रजी जे अक्षरासारखा दुमडून त्याची पिशवी शिवली आणि ती खाली गुदद्वाराशी जोडली. हाच पाऊच. लंडनच्या पार्क्स आणि निकोल्स या सर्जननी १९७८ मध्ये अशी पिशवी पहिल्यांदा मांडली आणि पुढे जपानच्या उत्सुनोमियांनी तिला हा जे आकार दिला, असं मी नंतर वाचलं. शिवण भरून येईपर्यंत त्या पिशवीत काही जाऊ नये म्हणून तिच्या वरचं आतडं पोटावर काढून ठेवतात, ती आयलिओस्टॉमी. माझी मार्च २०२० मध्ये बंद व्हायची होती. रेल्वेची तिकिटंही काढून ठेवली होती.

मार्चमध्ये सगळंच बंद झालं. तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे ढकलली गेली आणि तीन महिन्यांसाठी केलेली बॅग अकरा महिने राहिली.

खानदेशातला उन्हाळा आणि बॅग हे दोन्ही एकदम सोसणं फार कठीण. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो. मुंबईत चार-चार दिवस टिकणारी चिकटपट्टी इथे घामाने दुसऱ्या दिवशी सुटायची, खालची कातडी सोलवटून निघायची. बॅगा जळगावहून यायच्या, त्याही कधी मिळायच्या, कधी नाही. तहान लागली की तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचं ही आपली जन्माची सवय, पण नुसतं पाणी प्यायलं की बॅग आणखी पातळ आणि आणखी भरभर भरते, कारण पाण्याबरोबर अंगातलं मीठही निघून जातं. हे मला पोटऱ्यांना गोळे येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा समजलं. मग लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असं करून दिवसभर घोट-घोट घ्यायला लागले. एका जुन्या मापाच्या मगात बॅग रिकामी करून मोजायचे. दीड लिटरच्या वर गेलं की डॉक्टरांना फोन.

तर त्या आखाजीच्या संध्याकाळी मी सर्जनना व्हिडिओ कॉल केला. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि मेट्रोनिडॅझोल ही दोन अँटिबायोटिकं, चौदा दिवस. आठवड्याने बरं वाटलं. गोळ्या संपून तीन आठवडे झाले आणि पुन्हा तेच. कळ, आव, रक्ताचा धागा, माकडहाडाजवळ दुखणं. पुन्हा चौदा दिवस. जूनच्या शेवटी तिसऱ्यांदा. यावेळी मी डॉक्टरांना विचारलंच नाही. मेडिकलवाल्याला फोन करून जुनी पट्टी मागवली, पाच दिवस घेतली, बरं वाटल्यावर सोडली. ती चूक होती. पुढच्या तपासणीत नेमकं काय चाललंय ते स्पष्ट दिसायला हवं होतं, आणि मी अर्धवट औषधाने ते धूसर करून ठेवलं होतं.

घरात मात्र प्रत्येक वेळी एकच प्रश्न. आत्या प्रेमानेच विचारायच्या, कपाळावर हात ठेवून विचारायच्या, "काल काय खादं व्हतं?" आईचा फोन आला की तीही तेच. वांगं खाल्लंस का, तिखट खाल्लंस का, कळण्याची भाकरी कशाला खायची अशा पोटाला. आमच्याकडे पोटाचं दुखणं म्हणजे खाण्यातली चूक. हळूहळू मलाही तसंच वाटू लागलं. ऑगस्टपर्यंत मी भात, ताक आणि केळी एवढ्यावर आले. वजन एकेचाळीस किलो झालं. आव पडायचा थांबला नाही.

ऑगस्टमध्ये ई-पास काढून धुळे-नाशिकमार्गे गाडीने मुंबईला गेलो. दुर्बीण घालून पाऊच बघितला, तुकडे तपासायला पाठवले, जंतूंच्या तपासण्या केल्या. शिवण कुठे गळत नाही ना हे बघायला खालून औषध भरून एक्स-रे काढला. शिवण चांगली होती, कुठे पू नव्हता. पाऊचचं अस्तर मात्र लाल आणि हात लावताच रक्त येईल असं झालं होतं.

सर्जनांनी कागदावर चित्र काढून मला जे सांगितलं, ते कुणीतरी एप्रिलमध्येच सांगायला हवं होतं. आतड्याच्या अस्तराला रक्तातून पोषण मिळतंच, पण त्याच्या खुराकाचा एक भाग वरून येणाऱ्या मळातून मिळतो. न पचलेला चोथा जंतू आंबवतात, त्यातून काही आम्लं तयार होतात आणि ती अस्तराच्या पेशींना लागतात. पाऊचच्या वरची वाट आम्ही बंद करून ठेवली होती. पाऊच उपाशी होता आणि उपाशीपोटीच सुजला होता. मी काय खाल्लं याचा त्याच्याशी संबंध असूच शकत नव्हता, कारण मी खाल्लेलं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं! हे ऐकून मी त्या केबिनमध्ये रडले. चार महिने ज्याच्यासाठी स्वतःला दोष देत भात-ताकावर काढले होते, त्यात माझा काही अपराध नव्हता.

मग मी मनात साठलेला प्रश्न विचारला. आत्ताच हा असा सुजलाय, तर जोडल्यावर काय होईल? डॉक्टर म्हणाले, ही सूज वाट सुरू झाली की बहुतेक बसेल. पण जोडल्यानंतर वेगळ्या कारणाचा पाऊचायटिस, म्हणजे पाऊचची सूज, होऊ शकतो. कोलायटिससाठी पाऊच केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो कधी ना कधी होतो. तुम्हाला होणार नाही, असं वचन मी देत नाही. त्यांनी खोटा धीर दिला नाही याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. तोवर रात्री मेसालामाइनची सपोझिटरी, म्हणजे खालून ठेवायची गोळी, घ्यायची आणि खालचे स्नायू आवळून-सैल सोडायचा व्यायाम दिवसातून तीनदा करायचा. हा व्यायाम मी मनापासून केला. ज्यांचं रिव्हर्सल, म्हणजे बॅग बंद करून आतडं परत जोडायचं ऑपरेशन, व्हायचंय त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तो आधीपासून करा. जोडल्यावर पहिल्या आठवड्यात त्याचाच आधार असतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये बॅग बंद झाली. आधीच्या दोन ऑपरेशनांच्या मानाने हे लहान. पाचव्या दिवशी घरी सोडलं. पहिले तीन आठवडे दिवसाला पंधरा-सोळा वेळा, त्यात रात्रीच्या चार. शी पातळ आणि पाचक रसाने भरलेली असते, त्यामुळे खालची कातडी मिरची लागल्यासारखी पेटते. पुसायचं नाही, कोमट पाण्याने धुवायचं, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने अलगद टिपायचं आणि झिंकच्या मलमाचा जाड थर द्यायचा. जुलाब कमी करणारी लोपेरामाइड जेवणाआधी अर्धा तास. घरची पिकलेली केळी, साबुदाण्याची पेज, मऊ भात यांनी घट्टपणा येत गेला. फेब्रुवारीपर्यंत दिवसाला सात, रात्री एक, इथवर येऊन थांबलं. आव नाही, रक्त नाही. सर्जन म्हणाले होते तसं, उपासाची सूज गेली होती.

वही तेव्हाच सुरू केली. शिक्षिका असल्यामुळे हजेरी मांडायची सवय आहेच. शंभर पानी वही, रोजची एक ओळ, आणि प्रत्येक वेळेला एक उभी रेघ. बाजूला त्या दिवशी काय खाल्लं, कुठली गोळी, ताप, रक्त. काहीच विशेष नसेल तर नुसत्या रेघा.

एप्रिल २०२१ मध्ये रेघा वाढल्या. सात, नऊ, बारा, सोळा. अंगात ताप, सांधे ठणकत होते, कळ आली की संडासापर्यंत पोचणं कठीण. दुसरी लाट ऐन भरात होती, त्यामुळे ताप म्हटला की सगळे कोरोनाच समजत. आरटीपीसीआर दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. गावातल्या डॉक्टरांना तरीही खात्री वाटत नव्हती. मी वहीच्या पानाचा फोटो मुंबईला पाठवला. तापाच्या चार दिवस आधीपासून रेघा चढत गेल्या होत्या, हे त्यात दिसत होतं. अर्ध्या तासात उत्तर आलं, पाऊचायटिस. सिप्रोफ्लॉक्सॅसिन ५०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी रेघा दहावर आल्या, सहाव्या दिवशी सातवर. एखादं औषध इतक्या लवकर लागू पडताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच जूनमध्ये ते परत आलं तेव्हा मी जास्त खचले.

जून, मग सप्टेंबर, मग डिसेंबर. एका वर्षात चार वेळा. माणूस थकतो तो संडासाला जाऊन नाही. बरं वाटल्यावर मोकळेपणाने श्वास घ्यायची चोरी होते, त्याने थकतो. कानबाईच्या रोटांना, आमच्या श्रावणातल्या सणाला, सगळी भावकी जमली होती आणि मी मागच्या खोलीत बसून पुढच्या आठवड्याची धास्ती घेत होते. घरात परत तोच प्रश्न सुरू झाला. एका नातेवाईक बाईंनी तर मिस्टरांना सांगितलं, तोंडावर ताबा नाही म्हणून होतंय. मिस्टर काही बोलले नाहीत. रात्री मात्र माझ्या शेजारी बसून त्यांनी अख्खी वही पहिल्या पानापासून वाचली. चारही वेळच्या आधीच्या दहा-दहा दिवसांचं खाणं त्यांनी वेगळ्या कागदावर उतरवून काढलं. एकही पदार्थ चारही ठिकाणी नव्हता. जूनआधी शेवभाजी होती, बाकी तीन वेळा नव्हती. डिसेंबरात भरीत होतं, पण नोव्हेंबरातही दोनदा होतं आणि तेव्हा काही झालं नव्हतं. सारखं होतं ते एवढंच, की गोळ्या थांबल्यावर आठ ते अकरा आठवड्यांत ते परत येत होतं. तो कागद त्यांनी दुसऱ्या दिवशी आत्यांना वाचून दाखवला.

डॉक्टरांना त्याच कागदात आणखी एक गोष्ट दिसली. सप्टेंबरच्या दुखण्याआधी मला चिकुनगुन्यासारखे सांधे धरले होते आणि मी सहा दिवस डायक्लोफेनॅक घेतली होती. त्यांनी त्यावर लाल गोल केला. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या आतड्याच्या अस्तराला त्रास देतात आणि पाऊचवाल्यांनी त्या टाळायच्या असतात. मला हे माहीत नव्हतं. आता माझ्या पर्समध्ये चिठ्ठी असते, ताप-अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल.

जानेवारी २०२२ मध्ये परत दुर्बीण. सारखं येणारं दुखणं दर वेळी तेच असतं असं नाही, हे मी उपासाच्या सुजेवरून शिकले होतेच. पाऊचच्या खाली जुन्या अस्तराची जी छोटी पट्टी राहते, तिथे सूज असेल तर औषध वेगळं. पाऊचच्या वरचं आतडं सुजलेलं असेल तर क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या आजाराचा विचार करावा लागतो. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू असेल तर अँटिबायोटिकनेच तो वाढलेला असू शकतो. माझी खालची पट्टी स्वच्छ, वरचं आतडं स्वच्छ, तो जंतू नाही, तुकड्यात क्रोन्सची खूण नाही. पाऊचमध्ये मात्र बारीक-बारीक व्रण होते. म्हणजे खरा पाऊचायटिस, परतपरत येणारा आणि अँटिबायोटिकवर अवलंबून राहू लागलेला.

यावेळी अठ्ठावीस दिवसांचा कोर्स दिला आणि तो संपताना आठ प्रकारच्या जंतूंची प्रोबायोटिक पावडर सुरू केली. ही थंड ठेवावी लागते. जळगावहून एसटीने येताना थर्मासमध्ये बर्फ घालून आणायचे. त्या एप्रिलमध्ये भारनियमन सुरू झालं, दुपारचे फ्रीज बंद, तेव्हा आत्यांनी माठाखालच्या ओल्या वाळूत डबा पुरून ठेवला. ती पावडर महाग आहे, सगळ्यांना लागू पडतेच असंही नाही. मला तिने दोन कोर्समधलं अंतर पाच महिन्यांवर नेलं, आणि मला ते खूप होतं.

गोळ्यांनी आपला त्रासही दिलाच. मेट्रोनिडॅझोलने तोंडात सतत तांब्याचं नाणं धरल्यासारखी चव यायची. पायांच्या बोटांना मुंग्या सुरू झाल्या तेव्हा ती कायमची बंद केली. त्या मुंग्या मी डॉक्टरांना लगेच सांगितल्या म्हणून गेल्या, रेटून घेत राहिले असते तर राहिल्या असत्या. सिप्रोफ्लॉक्सॅसिनने टाचेमागची शीर दुखायला लागली. त्या गोळीबरोबर दूध, दही, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी घ्यायची नसते, नाहीतर ती अंगी लागत नाही. दह्याभातावर जगणाऱ्या मला हे फार उशिरा कळलं. २०२३ पासून रिफॅक्सिमिन हे दुसरं अँटिबायोटिक आणि सिप्रो आलटून-पालटून, गरजेपुरतं. व्हेडोलिझुमॅब नावाचं इंजेक्शनही असतं. युरोपात २०२२ मध्ये त्याला खास या जुनाट पाऊचायटिससाठी मान्यता मिळाली. खर्च ऐकून आम्ही गप्प झालो. गोळ्या अगदीच चालेनाशा झाल्या तर बघू, असं ठरलंय.

शाळेचं सांगायचं राहिलं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींची दोन संडासं, बाईंसाठी वेगळं नाही. मी मुख्याध्यापकांपुढे वही ठेवली. मला वाटलं होतं ते अवघडतील. त्यांनी दोन पानं बघितली, एका संडासाची किल्ली माझ्या हातात दिली आणि तिथे पाण्याची टाकी बसवून घेतली. सातवीच्या मुलांना मी एवढंच सांगितलंय की मॅडमचं पोटाचं ऑपरेशन झालंय आणि मॅडम मध्येच उठून गेल्या तर पाढे म्हणत राहायचे. मुलं म्हणतात. परत येते तेव्हा आवाज कॉरिडॉरमध्ये ऐकू येतो.

२०२४ मध्ये दुखणं दोनदा आलं. दुसऱ्या वेळी गोळी सुरू करायच्या आधी शीचा नमुना जळगावला दिला, आतड्यातली सूज दाखवणाऱ्या कॅलप्रोटेक्टिनचा आकडा आल्यावरच औषध घेतलं. आत्या आता काय खाल्लं ते विचारत नाहीत. सकाळी चहा ठेवताना माझ्याकडे बघून म्हणतात, "आज कितल्या रेघा?"

२०२५ मध्ये, ३० एप्रिलला, आखाजीला मी माहेरी गेले. वाटेत कुठे थांबता येईल ते पंप माहीत झालेत, तापीच्या पुलाअलीकडे एक आणि पलीकडे दोन. लिंबाला झोका बांधला होता, भावाच्या मुली गाणी म्हणत होत्या. आईने अर्धा मांडा आणि वाटीभर रस वाढला. वाढताना तिचा हात थबकला, तिने माझ्याकडे बघितलं. मी ताट पुढे केलं. त्या दिवशीच्या ओळीत आठ रेघा आहेत, दुसऱ्या दिवशी सात.